चिखलातून येणारा ताप आणि आपले यकृत



उसावर काणी आली, गवताळ वाढ दिसली, की आपण लगेच ओळखतो आणि बेट उपटून टाकतो. पण स्वतःला ताप आला की मात्र "भिजलो होतो, उतरेल" म्हणून आठवडा अंगावर काढतो. चिखलात काम करणाऱ्याचा प्रत्येक ताप साधा नसतो. ओल्या जमिनीतून येणारे दोन जंतू थेट यकृतापर्यंत पोचतात. वेळेवर ओळखले तर दोन्हींवर औषध आहे. म्हणून या धड्यात त्यांची माहिती देत आहोत.

यकृत कोठे असते?

बकऱ्याची कलेजी म्हणतो तोच हा अवयव. माणसात तो उजव्या बरगड्यांखाली असतो आणि वजन सुमारे दीड किलो भरते. यकृताच्या आतल्या भागाला फारशी वेदना कळत नाही. त्यावरचे पातळ आवरण ताणले किंवा सुजले म्हणजे उजव्या कुशीत दुखते, कधी उजव्या खांद्यापर्यंत कळ जाते. त्यामुळे दुखायला लागेपर्यंत आत बरेच काही घडून गेलेले असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कावीळ हा स्वतंत्र रोग नाही, ती खूण आहे. तिची कारणे अनेक आहेत.

पहिला रोग : लेप्टो

याचे पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. मळसूत्रासारखा हा जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो व मुतातून बाहेर पडतो. गुरे, डुकरे, कुत्री यांच्याकडूनही येतो. ओल्या मातीत तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. पायाच्या भेगा, पाचटाने कापलेले हात, डोळे व तोंड यांतून तो शरीरात शिरतो.

साधारण एक-दोन आठवड्यांनी थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोके ठणकते, पोटऱ्या दाबल्या तरी सहन होत नाहीत, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. बहुतेक जण यातून बरे होतात. शेकडा पाच-दहा जणांना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, कधी फुप्फुसात रक्तस्राव होतो. अशा वेळी कावीळ उतरवायला नेण्यात किंवा गळ्यात माळ घालण्यात जे दिवस जातात, तेच जिवावर बेततात.

जर्मनीच्या वाइल या डॉक्टरांनी १८८६ साली या रोगाचे वर्णन केले. १९१५ च्या सुमारास जपानात इनादा व इदो यांनी त्याचा जंतू शोधला. आपल्या राज्यात २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुराच्या पाण्यातून चालल्यावर अनेकांना हाच ताप आला होता.

ऊसवाल्यांनी जाणावी अशी हकीगत

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात इंगहॅमच्या भागात १९३३-३४ साली ऊसतोड कामगार या तापाने आजारी पडू लागले. उसात उंदीर माजले होते. जाळलेलाच ऊस तोडू, म्हणजे उंदीर पळतील, अशी कामगारांनी मागणी केली. त्यावरून १९३५ साली मोठा संपही झाला. म्हणजे उंदरांचा बंदोबस्त हा केवळ उत्पन्नाचा नव्हे, तोडणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

पण आपण त्यासाठी ऊस जाळू नये. पाचटाचे खत जाते, आणि जळालेल्या उसाचे वजन व उतारा झपाट्याने घटतो. धान कापले की बांधीतले उंदीर उभ्या उसात शिरतात. बंदोबस्त तेव्हाच करावा.

दुसरा रोग : मेलिऑयडोसिस

हा रोग अनोळखी आहे, म्हणूनच फसवा आहे. १९१२ साली रंगून येथे व्हिटमोर व कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो प्रथम नोंदविला. याचा जंतू धानाच्या चिखलात व साचलेल्या पाण्यात राहतो. दक्षिण भारतात आणि पश्चिम किनाऱ्यावर याचे रोगी आढळले आहेत. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास बांधीत उभे राहणाऱ्या आपल्या भंडारा जिल्ह्याने तो माहीत करून घ्यावा.

मधुमेह असलेल्यांना याचा धोका फार. यकृतात व प्लीहेत लहान लहान गळवे होतात, ताप हटत नाही, वजन उतरते. कोणाला तो क्षय वाटतो, कोणाला आमांशाच्या जंतूमुळे होणारे यकृताचे नेहमीचे गळू. पेनिसिलीनसारखी नेहमीची औषधे यावर चालत नाहीत. पू किंवा रक्त प्रयोगशाळेत वाढवून जंतू ओळखावा लागतो. मग किमान १०-१४ दिवस शिरेतून औषध आणि पुढे तीन महिने गोळ्या. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो.

सभासदांनी काय करावे

१. चिखलात, पाण्यात गमबूट वापरावेत. भेगा-जखमा झाकाव्यात. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

२. टोळीला प्यायला स्वच्छ पाणी द्यावे. भाकरी उघडी ठेवू देऊ नये. टोळी आपल्याच फडात राबते, तिची काळजी आपलीच.

३. धुरे साफ ठेवून बिळे बुजवावीत. विषारी आमिषापूर्वी दोन-तीन दिवस साधे आमिष ठेवावे. शेजाऱ्यांनी एकाच वेळी करावे, नाहीतर उंदीर नुसते शेत बदलतात. विष मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

४. ज्यांना शुगर आहे त्यांनी ती ताब्यात ठेवावी व पायाला जखम असताना चिखलात उतरू नये.

५. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लेप्टोवर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलीन सुरुवातीलाच दिले तर गुण येतो. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नयेत. लघवी कमी झाली, दम लागला किंवा डोळे पिवळे झाले, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डॉक्टरांना आपले काम सांगावे. "साहेब, मी उसात आणि बांधीत काम करतो, पायाला जखम होती, शुगर आहे," एवढे आपणहून सांगितले म्हणजे कोणती तपासणी करायची हे त्यांना सुचते. आपण फक्त "ताप आहे" म्हटले तर तेही साध्या तापाचेच औषध देणार. हे वाक्य घरातल्या सर्वांना आणि टोळीच्या मुकादमालाही सांगून ठेवावे.