खुंटी आधी लांबच काप

लेकरा, मिनेसोटात यंदा बदकांच्या शिकारीला जाणार म्हणालास. मग बंदुकीच्या मॅगझिनमध्ये खुंटी बसवल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नकोस. तिकडे 1935 पासून स्थलांतरित पाखरांसाठी तीनच काडतुसांचा नियम आहे: दोन मॅगझिनमध्ये, एक चेंबरमध्ये. खुंटी एकसंध हवी आणि बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये.

जालन्याच्या एसआरपीत मी पंपगन खोलण्या-जोडण्यात वर्षं घालवली, म्हणून सांगतो. आधी सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. चेंबर डोळ्यांनी बघ, करंगळीनंही चाचप. मॅगझिनचं टोपण काढताना अंगठा दाबून धर, तोंड बाजूला ठेव; आतली स्प्रिंग उसळते.

खुंटीसाठी कांडी कठीण लाकडाची, स्प्रिंगच्या पोटात सहज सरकेल एवढी जाड घे. आधी लांबच काप, मग घासत घासत कमी कर. एकदा आखूड झाली की ती वाया गेली. माप डमी काडतुसांवरच घ्यायचं, जिवंत काडतूस अजिबात नको. आणि तू वापरशील त्यातलं सर्वांत आखूड काडतूस मापाला घे. तीन इंचीवर मापलंस तर पावणेतीन इंची तिसरं आत घुसू शकतं. बहुतेक जण इथंच फसतात. दोन्ही टोकं गोल कर, जवसाचं तेल पाज, म्हणजे ओलीनं लाकूड लवकर फुगणार नाही.

माझ्या वडिलांकडं ठासणीची बंदूक होती. राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी एक बार झाला की दारू, बोळा, छर्रे भरून गजानं ठासेपर्यंत पाखरं पार जालन्याच्या हद्दीत जायची. म्हणून ते पाखरू टप्प्यात येईस्तोवर श्वास धरून बसायचे. लांबून घाईनं मारलेलं पाखरू मरत नाही, छर्रे घेऊन पाणकणसात जाऊन तडफडतं. खुंटी नसली की मिळणारा चौथा-पाचवा बार बहुधा तसाच पळत्या थव्यावर जातो. तुझी खुंटी त्या पाखरांसाठी आहे.

इकडं 1972 चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं शिकार बंदच झाली, आणि ते बरंच झालं. दिवाळीला आलास की दुर्बीण आण, पैठणला नाथसागरावर जाऊ.

खुंटी बसवलीस की तिसरं डमी काडतूस मॅगझिनमध्ये रेटून बघ. आत गेलं नाही म्हणजे जमलं; मग मला फोन कर.