अपंगत्व पेन्शन नाकारली? पत्र ट्रंकेत ठेवू नका

मैत्रिणींनो, १ मेला शिवाजी पार्कवर संचलन होतं, आपण टीव्हीवर बघतो, अभिमान वाटतो. पण आपल्याच गटातल्या एखाद्या ताईचे मालक फौजेतून आजार घेऊन घरी आलेले असतात आणि पेन्शन नाकारल्याचं इंग्रजी पत्र ट्रंकेत पडून असतं. त्याविरुद्ध अपील करता येतं.

हक्क कधी मिळतो?
आजार किंवा इजा सेवेमुळे झालेली किंवा वाढलेली हवी आणि मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलेलं हवं. पत्रात 'एनएएनए' असेल तर अर्थ असा, की आजार सेवेमुळे झालाही नाही, वाढलाही नाही.

कोर्ट काय म्हणतं?
धरमवीर सिंग या जवानाला फिट्स येऊ लागल्या म्हणून घरी पाठवलं, पेन्शन नाकारली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. आजार सेवेमुळे नाही, हे सरकारने सिद्ध करायचं. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी ते आधी समजून घ्यावेत.)

टक्केही तपासा. हक्क मान्य झाला आणि अपंगत्व ३० टक्के असेल, तर पेन्शनसाठी ते ५० धरलं जातं. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, असा २०१४ चा राम अवतार निकाल आहे.

काय करायचं?
१. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाची प्रत आणि नकाराचं पत्र एकत्र करा. बोर्डाची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे मागा.
२. पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील करा. ड्युटी कुठे होती, थंडी, उंची, ओझं, त्रास कधी सुरू झाला, सगळं लिहा.
३. तिथे नकार आला तर दुसरं अपील, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.

अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा.

वर्षं उलटली असतील तरी आशा सोडू नका. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा गेल्यास मागची थकबाकी साधारण ३ वर्षांचीच मिळते. म्हणजे थांबलो तेवढं आपलंच नुकसान.

बैठकीत विचारा: आपल्या गटात माजी सैनिकांची घरं किती? त्यांच्या पत्रावरची तारीख कोणती? आजच वहीत लिहा.