तुरीची मर : मुळाच्या आत काय घडते?

आपल्या गुलबर्ग्याला तुरीचे कोठार म्हणतात. 2019 साली येथील तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण 2022 च्या हंगामात जिल्ह्यातील हजारो एकर उभी तूर शेंगांच्या वेळी वाळली. मराठीत या रोगाला मर, तर कानडीत 'नेटे रोग' म्हणतात.

पाणी कमी पडले, असेच प्रथम वाटते. ओल असूनही झाड वाळते, तेव्हा कारण मुळात शोधावे लागते. 'फ्युजेरियम उडम' ही बुरशी मातीत काही वर्षे दबून राहते. तुरीचे कोवळे मूळ जवळ आले की तिचे तंतू वाढतात. मुळाच्या पेशींभोवती पेक्टिन व सेल्युलोजची भिंत असते. ती विरघळविणारी विकरे सोडून बुरशी आत शिरते.

झाड मात्र गप्प बसत नाही. बुरशीच्या भिंतीत कायटिन असते. तुरीच्या भिंतीत ते नसते. झाडाची विकरे कायटिनचे तुकडे करतात. पेशीवरील ग्राही प्रथिने हे तुकडे ओळखतात आणि आत इशारा जातो. मग भिंती जाड होतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, बुरशीला रोखणारी द्रव्ये बनतात. तुरीतील कॅजॅनॉल हे असेच एक द्रव्य.

बुरशीकडेही तोड असते. हा इशारा दाबणारी छोटी प्रथिने ती पेशीत सोडते. काही झाडांची जनुके या प्रथिनांनाच ओळखणारे पहारेकरी घडवितात. टोमॅटोवरील फ्युजेरियममध्ये अशा जोड्या सापडल्या आहेत.

सारा खेळ वेळेचा आहे. ओळख लवकर पटली तर बुरशी मुळाच्या बाहेरील थरातच अडते. उशीर झाला तर ती जलवाहिन्यांत पसरते. तिला अडविण्यासाठी झाड डिंकासारख्या पदार्थाने त्याच वाहिन्या बुजविते आणि शेंड्याचे पाणी तुटते! म्हणून वाळू लागलेल्या झाडावर फवारणी करून उपयोग होत नाही.

खरा उपाय बियाण्यात आहे. 1986 साली कर्नाटकात 'मारुती' (आयसीपी 8863) हा मररोधक वाण आला, पण तो वांझ रोगाला बळी पडतो. गुलबर्गा संशोधन केंद्राचा 'टीएस-3आर' हा वाणही मररोधक आहे. ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर कमी होते, हे आपल्या पालकांना ठाऊक असेलच.

डिसेंबरात शेतात गेलात तर वाळलेल्या तुरीचे खोड बुडाशी उभे चिरून पाहा. सालीखाली तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर ती मर. पाहून झाल्यावर ते झाड मुळासकट जाळावे, बांधावर टाकू नये.