आधी परवान्याचं बघ

कोलंबस, ओहायो

चि. मुक्तास,


तू पाठवलेली पाच विद्यापीठांची यादी वाचली. ‘यांतलं सगळ्यात चांगलं कोणतं?’ या प्रश्नाला मी बगल देणार आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना तो प्रश्न कदाचित उपयोगी पडत असेल. आपल्या समुपदेशनाच्या कामात समोरचा क्लायंट तुझी पदवी कुठली हे विचारत नाही. विचारतं ते राज्याचं परवाना मंडळ, आणि त्यालाही विद्यापीठाच्या नावाशी देणंघेणं नसतं, अभ्यासक्रमाशी असतं. तेव्हा पदवीनंतर तू कुठे बसून काम करणार हे आधी ठरव. तिथला परवाना कसा मिळतो ते वाच. मग तिथून मागे मागे येत विद्यापीठ शोध. सगळे करतात त्याच्या नेमकं उलट.

अमेरिकेत समुपदेशकाला परवाना राज्य देतं. पहिला कायदा व्हर्जिनियाने १९७६ मध्ये केला आणि सगळ्यात शेवटी कॅलिफोर्नियाने, २००९ मध्ये. मधल्या काळात प्रत्येक राज्याने आपापली चूल मांडली. त्यामुळे परवान्याची नावंही वेगळी: कुठे एलपीसी, कुठे एलएमएचसी. आमच्या ओहायोत आधी एलपीसी आणि पुढे, स्वतंत्रपणे काम करायला, एलपीसीसी. तुझ्या यादीतल्या प्रत्येक अभ्यासक्रमासमोर एकच गोष्ट लिहून काढ: त्याला सीएसीआरईपीची मान्यता आहे का? बोलताना सगळे ‘केक्रेप’ म्हणतात. १९८१ पासूनची ही संस्था समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासते. काही राज्यं, त्यांत ओहायो, या मान्यतेशिवायची पदवी परवान्यासाठी चालवून घेत नाहीत. तुझ्या यादीतल्या एका पदवीचं नाव मोठं गोंडस आहे, पण ती संशोधनाची पदवी दिसते. ती घेऊन तुला क्लायंटसमोर बसता येणार नाही. ती काट.

मान्यता असलेला मानसिक आरोग्य समुपदेशनाचा अभ्यासक्रम साठ क्रेडिटचा असतो. दोन वर्षांत उरकतो असं माहितीपत्रकात छापतात, पण उन्हाळ्यातही वर्ग घेतले तरच. अडीच-तीन वर्षं धरून चाल.

आता व्हिसा. इथे नीट लक्ष दे, कारण प्रवेश मिळवून देणारे एजंट हा भाग सहसा सांगत नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. संगणकवाल्यांना त्यावर आणखी चोवीस महिने मिळतात, कारण त्यांचे विषय ‘स्टेम’ यादीत आहेत. मानसिक आरोग्य समुपदेशन त्या यादीत नाही. आणि ओहायोत एलपीसीवरून एलपीसीसीवर जायला देखरेखीखालचे ३,००० तास लागतात, तेही किमान दोन वर्षांत पसरलेले. आठवड्याला चाळीस तास धरले तरी वर्षाला जेमतेम दोन हजार होतात. म्हणजे ओपीटी संपते तेव्हा तू अर्ध्या वाटेवर असतेस. पदवी हातात, डोक्यावर कर्ज, आणि स्वतंत्र परवाना अजून लांब.

पुढचा रस्ता एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा. वर्षाला ८५,००० जागा आणि त्यांसाठी सोडत. मात्र विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न असलेल्या ना-नफा संस्था या मर्यादेबाहेर असतात. म्हणून विद्यापीठाचं स्वतःचं समुपदेशन केंद्र, किंवा विद्यापीठाशी जोडलेलं हॉस्पिटल, अशा ठिकाणी इंटर्नशिप मिळवायची खटपट पहिल्या वर्षापासून सुरू कर. गावातल्या एखाद्या मानसिक आरोग्य केंद्राला तू कितीही आवडलीस तरी सोडतीपुढे त्यांचं काही चालत नाही, आणि वकिलाचा खर्चही त्यांना झेपेलच असं नाही.

माझा दाखला घेऊ नकोस. मी इथे तुझ्या काकांच्या नोकरीमागून आले आणि शिकायला बसले तेव्हा ग्रीन कार्ड हातात होतं. तास भरायला मला हवा तेवढा वेळ होता. ताई घरी ‘मावशीने केलं की नाही’ म्हणत असेल तर तिला हा फरक समजावून सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल मी मोठेपणा करते आहे.

काही बारीक गोष्टी आहेत, आणि मुली अडकतात त्या यांतच. ओपीटीच्या काळात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि ओहायोत एलपीसी हातात आल्याशिवाय समुपदेशकाची नोकरी सुरू करता येत नाही. मंडळाकडे कागद पडून असतात तेव्हा हे नव्वद दिवस संपत जातात. तेव्हा परवान्यासाठी लागणारी एनसीई ही परीक्षा शेवटच्या सत्रातच देऊन टाक, परवान्याचे कागद आधीपासून जमव, आणि ओपीटी सुरू होण्याची तारीख पदवीनंतरच्या साठ दिवसांत जितकी पुढची घेता येईल तितकी घे. दुसरं, इंटर्नशिप बिनपगारी असली तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी आधी घे. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की ओपीटीचा हक्क जातो. आठवड्याला वीस तासांपर्यंत राहिलीस तर तो धोका नाही. आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जाहिराती बघून भुलू नकोस. एफ-१वर एका सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात मोजला जातो.

पैशाचा हिशेब तू मांडलेला नाहीस, म्हणून मी मांडते. क्रेडिटला ८०० डॉलर धरले तर साठ क्रेडिटची नुसती फी ४८,००० डॉलर. राहणं, जेवण, विमा वेगळा. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळाली तर फीचा मोठा भाग सुटतो, पण समुपदेशन विभागात त्या जागा मोजक्या असतात. ग्रंथालय, वसतिगृह, विद्यार्थी कल्याण अशा कार्यालयांतही त्या निघतात, तिथेही अर्ज कर. कॅम्पसवर वीस तास काम, इंटर्नशिपचे वीस तास आणि संध्याकाळचे वर्ग, असा शेवटच्या वर्षाचा आठवडा असतो. कमाईचं म्हणशील, तर २०२३ च्या सरकारी आकड्यांनुसार व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य समुपदेशकांचा मिळून मध्यक पगार वर्षाला ५४,००० डॉलरच्या थोडा आत होता. म्हणजे निम्म्यांना त्याहूनही कमी. तुझ्या चुलतभावाच्या पगाराशी तुलना करायची असेल तर आत्ताच करून घे आणि मग तो विषय बंद कर.

आता ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस ते. हे शिक्षण पुस्तकाचं कमी आणि तुझंच जास्त असतं. पहिल्या सत्रापासून वर्गातल्या मैत्रिणीसमोर बसून मुलाखत घ्यायची, तिचं रेकॉर्डिंग करायचं, मग शब्दन् शब्द उतरवून काढायचा. सुपरव्हायझर त्यावर बोट ठेवून विचारतात: इथे ती रडायला लागली आणि तू लगेच विषय का बदललास? प्रॅक्टिकमचे १०० तास, त्यांत ४० प्रत्यक्ष क्लायंटसमोर. इंटर्नशिपचे ६००, त्यांत २४० समोरासमोर. आणि त्या सगळ्या काळात दर आठवड्याला तासभर वैयक्तिक आणि दीड तास गटाची सुपरव्हिजन. हा माझ्या मते सगळ्या पदवीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. फी द्यायची तर याची.

त्याआधी आणखी एक पायरी आहे, आणि आपल्या मुली तिथे गोठतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एका गटात सदस्य म्हणून किमान दहा तास बसावं लागतं. तिथे स्वतःबद्दल बोलायचं असतं. आपण ‘घरातलं बाहेर नको’ ऐकत वाढलेलो. तू गप्प बसशील, आणि तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ ‘हिला यात रस नाही’ असा लावला जाईल. हे नुसतं गैरसमजाचं प्रकरण नाही. समुपदेशनाच्या विभागात प्राध्यापक गुणांबरोबर तुझं वागणं, मोकळेपणा, टीका घेण्याची तयारी हेही मोजतात, आणि उत्तम गुण असलेल्या विद्यार्थ्यालाही थांबवू शकतात. तेव्हा जाण्याआधीच मनाशी ठरव की काय सांगायचं. आजोबांच्या आजारपणाचं सांग, ताईभावजींच्या भांडणांचं नको. थोडं खरं सांगितलं तरी पुरतं. आणि पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना जाऊन सांग की मला बोलायला वेळ लागतो.

मतांचंही तसंच. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे ‘माझ्या मूल्यांत बसत नाही’ म्हणून क्लायंट दुसऱ्याकडे पाठवता येत नाही. गर्भपात करून आलेली मुलगी, लिंगबदल करू पाहणारा मुलगा, तिसऱ्यांदा दारूकडे वळलेला बाप, सगळ्यांसमोर तुला सारखंच बसता आलं पाहिजे. तुला ते जमेल असं मला वाटतं. पण जमतं की नाही हे इथे आल्यावर कळण्यापेक्षा आत्ता पुण्यातच एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने काम करून बघ. अर्जातही ते उठून दिसेल.

क्लायंट कसे असतील? टीव्हीवरच्या अमेरिकेतले नसतील. ओहायोला वेदनाशामक गोळ्यांच्या आणि हेरॉइन-फेंटानिलच्या व्यसनाने फार झोडपलं आहे. साठीचा निवृत्त ट्रक ड्रायव्हर समोर येईल आणि पहिल्या नावाने हाक मार म्हणेल. तू ‘मिस्टर’ लावून आदर दाखवशील आणि त्याला वाटेल ही अंतर ठेवते आहे. एखादं पोर सहज बोलून जाईल की बाबांनी पट्ट्याने मारलं, वळ उठले. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या बालपणाच्या गप्पांत हे असतं. इथे तुला त्याच दिवशी बालसंरक्षण खात्याला फोन करावा लागतो, कायद्याने.

आणि विमा. विमा कंपनीने पैसे द्यायचे तर निदानाचा कोड लागतो. सत्र ५३ मिनिटं किंवा जास्त चाललं तर एक दर, ५२व्या मिनिटाला संपलं तर दुसरा. नवरा गेल्याच्या दुःखात असलेल्या बाईला पहिल्या-दुसऱ्या भेटीतच कुठल्या तरी विकाराच्या खान्यात बसवावं लागतं. इतक्या वर्षांनीही मला ते रुचलेलं नाही. पण तसं केलं नाही तर विमा पैसे देत नाही आणि माणसं परत येऊ शकत नाहीत, हेही खरं.

एक गंमत सांगते. इथल्या मराठी मंडळात तू समुपदेशक आहेस हे कळलं की गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतच लोक मुलाचं सांगायला लागतात. हसून ऐक, पण तुझ्या ऑफिसात बोलावू नकोस. ज्यांच्या घरी तू हळदीकुंकवाला जातेस त्यांची समुपदेशक तू होऊ शकत नाहीस. आणि इथून पुण्यातल्या मैत्रिणीला व्हिडिओवर क्लायंट म्हणून घेऊ नकोस. ओहायोच्या परवान्याची हद्द ओहायोत संपते, आणि क्लायंट कुठे बसलाय हे मोजलं जातं.

अमेरिकेचाच हट्ट का, हेही स्वतःला विचार. कॅनडात मास्टर्सनंतर तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळू शकतो, आणि ओंटारिओत मानसोपचार करणाऱ्यांची कायदेशीर नोंदणी २०१५ पासून आहे. तास भरायला तिथे श्वास घ्यायला जागा आहे. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्यांपासून मात्र जपून. त्यांतल्या बऱ्याच पदव्यांत क्लायंटसमोर बसायचे तासच नसतात.

राहिलं परतण्याचं. इथली समुपदेशनाची पदवी घेऊन भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवता येत नाही. त्यासाठी पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही नोंदणीच्या कक्षेत आणले आहेत. तुझी पदवी त्यात कशी बसेल हे निघण्याआधी लेखी विचारून घे. शाळा, कॉलेज, कंपन्या, हॉस्पिटलं अशा ठिकाणी काम मिळेल. पण परतायचंच असं मनात पक्कं असेल तर माझं स्पष्ट मत ऐक: कर्ज काढून येऊ नकोस. मुंबईत टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलणारी माणसं लागतात. मराठीत दुःख ऐकण्याचं शिक्षण मराठी क्लायंटसमोरच जास्त चांगलं होतं. असिस्टंटशिप मिळाली तर गोष्ट निराळी. मग डोळे मिटून ये, आणि परतताना सुपरव्हिजनची ती शिस्त घेऊन जा. आपल्याकडे ती फार थोड्या ठिकाणी आहे.

आता तू असं कर. यादीतल्या उरलेल्या चार विभागांना मेल टाक आणि एवढंच विचार: गेल्या काही वर्षांत पदवी घेतलेले तुमचे परदेशी विद्यार्थी आज कुठे काम करतात, त्यांतल्या किती जणांना पूर्ण परवाना मिळाला, आणि इंटर्नशिपची जागा तुम्ही मिळवून देता की विद्यार्थ्यानेच शोधायची. जे गोलगोल उत्तर देतील त्यांना वगळ. उत्तरं मला पाठव, सोबत फीचा खरा आकडाही. कर्जाचं ताईशी तू बोलू नकोस; आकडे हातात आले की मी तिला फोन करते.

तुझी,
मावशी