झिंजचा उकाडा आणि पाषाणचं पटल

ऑगस्टमधल्या दुपारी झिंजच्या रस्त्यावर गाडी उभी करून परत आलात, की स्टिअरिंगला हात लावण्याआधी दोनदा विचार करता ना? आज त्याच उकाड्याचा एक प्रश्न घेऊ. हायड्रोजनवर चालणारा इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, अशा हवेत थंड कसा ठेवायचा? त्याच्या उत्तराचा एक धागा पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) सापडतो.

आधी घटाचं काम पाहू. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. मध्ये कागदाहून पातळ असं प्लॅस्टिकचं पटल. प्लॅटिनमवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पटल फक्त प्रोटॉनला वाट देतं. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे सगळे भेटले की पाणी तयार होतं.

सर्वांत प्रसिद्ध पटल नाफियॉनचं. ड्यूपाँटमध्ये वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकात ते घडवलं. टेफ्लॉनसारखा कणा आणि त्याला लोंबणारे सल्फॉनिक आम्लाचे गट. त्यांच्याभोवती पाणी साठून अतिसूक्ष्म पाट तयार होतात आणि प्रोटॉन त्यांतून जातात. पाणी आटलं की पाट कोरडे, वीज कमी. म्हणून असा घट साधारण ८० अंशांपर्यंतच चालवतात.

आता इथली दुपार आठवा. बाहेर ४५, घट ८० वर. फरक फक्त ३५ अंशांचा. पेट्रोल इंजिनाची बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते, इंधनघटाची मात्र बहुतेक रेडिएटरनेच बाहेर टाकायची. घट १६० अंशांवर चालला, तर फरक ११५ होतो आणि रेडिएटर लहान चालतो. शिवाय नैसर्गिक वायूपासून केलेल्या हायड्रोजनमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड उरतो. ८० अंशांना त्याचे दहा लाखांत दहा भागही प्लॅटिनमला जड जातात. १६० ला एखादा टक्का सोसवतो. आखातातल्या वायूसंपन्न देशांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

मग १६० अंशांना, पाण्याशिवाय, प्रोटॉन जाणार कसे? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न विद्यापीठातल्या वेनराइट, सॅव्हिनेल, लिट आदींनी पॉलिबेंझिमिडॅझोल (पीबीआय) या बहुवारिकात फॉस्फोरिक आम्ल मुरवून दाखवलं. अग्निशामकांच्या पोशाखात वापरतात तेच हे पीबीआय. आम्लाचे रेणू प्रोटॉन पुढे देतात, अगदी बांधकामावर घमेली हातोहात जातात तशी. अडचण अशी की आम्ल वाढवलं की वीज सुधारते, पण पटल लोण्यासारखं मऊ पडतं.

इथे एनसीएलमधलं काम येतं. उल्हास खरूल यांचा गट पीबीआयच्या रेणूत फेरफार करून वायू वेगळे करणारी पटलं बनवत होता. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००६ चा. मला यात गंमत वाटते. तिथे वायू जायला हवा, इंधनघटात तो अडायला हवा, आणि कच्चा माल एकाच कुळातला! दुसरीकडे विजयमोहनन पिल्लै यांच्या गटाने २००८ मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्यांवर आम्लगट बसवून त्या नाफियॉनमध्ये मिसळल्या. २०१० मध्ये खरूल, पिल्लै आणि श्रीकुमार कुरुंगोट यांची नावं एकाच निबंधावर दिसतात: पीबीआयमध्ये फॉस्फॉनिक गट लावलेल्या नॅनोनळ्या. नळ्या पटलाला बळकटी देतात आणि त्यांच्या अंगावरचे गट प्रोटॉनला आणखी एक वाट. तुम्ही लगेच विचाराल, "अहो, कार्बनच्या नळ्या तर वीज वाहून नेतात, शॉर्टसर्किट नाही होणार?" रास्त शंका. म्हणूनच त्या अगदी चिमूटभर घालायच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी जुळता कामा नये.

या कामाचा प्रभाव निबंधांना मिळालेल्या उद्धरणांवरून मोजता येईल, पण मला दुसरी खूण जास्त पटते. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ५ किलोवॉटची पहिली स्वदेशी उच्च तापमानाची इंधनघट यंत्रणा सादर झाली. त्यात एनसीएलबरोबर दिल्लीची एनपीएल, कराईकुडीची सेक्री आणि थरमॅक्स व रिलायन्स या कंपन्या होत्या. मोबाइलच्या मनोऱ्यांना डिझेल जनरेटरऐवजी वीज देणं हा तिचा एक उपयोग.

ऑक्टोबर २०२० मध्ये केपीआयटीबरोबर पुण्यात चालवलेली हायड्रोजन मोटार मात्र ६५ ते ७५ अंशांच्या घटावर होती. कारण साधं आहे. १६० अंशांचा घट तापायला वेळ घेतो, आणि सकाळी ऑफिसला निघताना तेवढं थांबायची कुणाची तयारी नसते. मनोऱ्याचं तसं नाही, तो बंदच होत नाही. पण पाच वर्षं अखंड चालायचं म्हणजे ४३,८०० तास, आणि तेवढ्या काळात पटलातलं आम्ल हळूहळू झिरपून जातं. संशोधकांची झटापट सध्या त्या झिरपण्याशीच चालली आहे.