हळदीच्या गाण्यांतली बाई

किनाऱ्यावरच्या आमच्या नागावात कोळीगीतं वाजल्याशिवाय हळद रंगत नाही. मीही त्यांवर मनसोक्त नाचते. ती ऐकता ऐकता गाण्यांतल्या बाईबद्दल काही गोष्टी माझ्या मनाशी पक्क्या झाल्या.

१. गाण्यातली बाई काय काम करते, ते आधी बघावं. बऱ्याच गाजलेल्या कोळीगीतांत ती नटते, लाजते, नाखव्याची वाट बघते. डोक्यावर टोपली असते, पण लक्ष तिच्या चालीकडे. आमच्या किनाऱ्यावर मासळीचा भाव कोळीण ठरवते, उधारी तीच लक्षात ठेवते, घरखर्चाचा पैसा तिच्याच हातून फिरतो. एवढी हिशेबी बाई गाण्यात क्वचितच येते. आणि वाडीत सुपारी सोलत बसणाऱ्या बायकांचं गाणं तर मी डीजेवर एकदाही ऐकलेलं नाही.

२. बाईने लिहिलं की तिची धास्तीही गाण्यात येते. ‘वादळवारं सुटलं गो’ शांता शेळके यांचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लताबाईंचा. माणूस दर्यावर, ती घरी एकटी, डोळ्याला डोळा नाही. शांताबाई इंदापूरच्या, तरी किनाऱ्यावरच्या बाईचा जीव त्यांना नेमका कळला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या माड-पोफळी आडव्या केल्या. तेव्हापासून हे गाणं लागलं की मला नाचवत नाही.

३. बाईने म्हटलं म्हणजे गाणं बाईचंच, असं धरून चालू नये. सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांतल्या ठसक्यावर मी जीव ओवाळून टाकते. पण त्या लावण्यांत ‘मी’ म्हणणारी बाई बहुतेक जगदीश खेबुडकरांसारख्या पुरुष कवींनी घडवलेली.

४. बायकांचं स्वतःचं गाणं ऐकायचं तर ओव्यांकडे जावं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, नवऱ्याची मारहाण आहे, कष्ट आहेत. पहाटे दळताना ऐकायला दुसरी बाईच असायची. चारचौघांत न बोलता येणारं तिथे बोलता आलं, असं मला वाटतं.

५. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि लग्नाचे विधी पुढे नेते. एका बाईच्या गाण्याने लग्न लागतं, ही केवढी मोठी गोष्ट! आणि तिचाच आवाज आज स्पीकरखाली दबतो. तेव्हा ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनी माईक आधी तिच्या हाती द्यावा, तिचं होईपर्यंत डीजेवाल्याला थांबवावं. तिच्या शेजारी घरातल्या एकदोन मुलींना बसवावं. धवले ऐकूनच पाठ होतात, आणि ते म्हणता येणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.