बालवाडीचा खरा खर्च: पावती घेण्याआधी करायचा हिशेब

पहिला हिशेब वयाचा. महाराष्ट्रातल्या नियमानुसार ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणारं मूल त्या शैक्षणिक वर्षी नर्सरीत जाऊ शकतं आणि सहा पूर्ण होणारं पहिलीत. म्हणजे मधली वर्षं तीनच: नर्सरी, छोटा गट, मोठा गट. दोन वर्षांच्या बाळाला खेळगटात घातलं म्हणून ते पहिलीत लवकर जात नाही, आपण मात्र एका वर्षाची फी जास्त भरतो. घरी सांभाळायला कोणी नसेल तर ती रक्कम पाळणाघराचा खर्च म्हणून जरूर भरा. ‘मूल मागे पडेल’ या धास्तीने भरू नका.

सुरुवात अंगणवाडीपासून

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वशालेय शिक्षण मिळतं, शिवाय लसीकरण आणि आरोग्य तपासणीही होते. रोजचा पूरक आहारही मिळतो. फी शून्य, उत्पन्नाची अट नाही. शहरांत महापालिकांच्या बालवाड्याही आहेत.

‘अंगणवाडी आपल्यासाठी नाही’ असं मनात येत असेल तर एवढं आठवा: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभं केलं, त्यातूनच महाराष्ट्राला अंगणवाडीची वाट दिसली. सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात. म्हणून सकाळी अर्धा तास जाऊन बसा. सेविका मुलांशी बोलतात का, गाणी-गोष्टी होतात का, पाणी आणि शौचालय स्वच्छ आहे का, ते पाहा. हे जमत असेल तर तुमचा शोध तिथेच संपू शकतो.

खासगी बालवाडी: सांगितलेली फी आणि लागणारे पैसे

समजा, चौकशीच्या खिडकीवर वार्षिक फी ३०,००० रुपये सांगितली. आता पुढची बेरीज करा:

- प्रवेश शुल्क: ५,०००
- गणवेश, पुस्तकं, साहित्य: ४,०००
- व्हॅन, महिना १,२०० प्रमाणे दहा महिने: १२,०००
- स्नेहसंमेलन, सहल: २,०००

झाले ५३,०००. अनामत रक्कम निराळी. वर्षाचे २०० दिवस धरले तर रोजचे २६५ रुपये, तेही जेमतेम तीन तासांचे. आई-वडील दोघं नोकरीला असतील तर पाळणाघराचे महिना ४,००० धरून आणखी ४८,००० वाढतात. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या भागातले आकडे घालून हीच बेरीज करा.

व्हॅनचे १२,००० पुन्हा पाहा. चालत जाण्याच्या अंतरावरची बालवाडी निवडली की ते वाचतात आणि मुलाचा प्रवासाचा शीणही टळतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: वर्षाची एकूण रक्कम, पुढच्या वर्षीची वाढ आणि मधूनच मूल काढलं तर काय परत मिळेल. ‘हप्त्यांची सोय’ म्हणजे एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज आहे का, हेही विचारा. मूल काढलं तरी त्या कर्जाचे हप्ते चालू राहू शकतात. बालवाडीच्या शिक्षणावर जीएसटी नाही. पावतीवर तो दिसला तर कशावर लावला, ते स्पष्ट करून घ्या.

पैशांचा आधार कुठून?

*आरटीईच्या २५ टक्के जागा.* २००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानुसार ज्या खासगी शाळेत प्रवेश पूर्वप्राथमिकपासून होतो, तिथे वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या या मोफत जागा त्याच वर्गापासून असतात. अल्पसंख्याक शाळा आणि शाळेला न जोडलेले खेळगट यातून वगळले आहेत. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ती लागू नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि निवड सोडतीने. जन्म, रहिवास, जात किंवा उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवा.

*आयकर.* जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्कावर दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते, नर्सरीसुद्धा त्यात येते. देणगी आणि विकास शुल्क येत नाही. म्हणून पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं दाखवून घ्या.

*नोकरीच्या ठिकाणी.* केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०२४ पासून दरमहा प्रत्येक मुलामागे २,८१२.५० रुपये शिक्षण भत्ता आहे, दोन मुलांपर्यंत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या कार्यालयात ती नसेल तर मागणी करा.

शाळेने मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं आणि प्रवेशासाठी देणगी मागणं, दोन्ही आरटीई कायद्याने निषिद्ध आहे. देणगी घेतल्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे कशाचे मोजायचे?

वातानुकूलित वर्ग आणि पडदा-प्रोजेक्टर यांचे नव्हे, बाईंचे मोजा. राष्ट्रीय निकष वीस मुलांमागे एक शिक्षिका असा आहे. बाई मुलांना नावाने हाक मारतात का, मूल घरची भाषा बोललं तर ऐकून घेतात का, वाळू-पाण्यात खेळू देतात का, हे पाहा. तीन वर्षांच्या मुलाला गिरवायला वही लागत नाही, बोलायला माणूस लागतं.

या आठवड्यात घराजवळच्या अंगणवाडीत एक सकाळ घालवा. ती पाहिल्याशिवाय आणि वर्षाची बेरीज कागदावर मांडल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका.